फोन नवा नको, बॅटरी नवी द्या!

घरातला तो एक ड्रॉवर उघडून बघा. टीव्हीखालचा, नाहीतर कपाटातला. काय काय निघतं? बटणांचा जुना फोन, बाबांचा पहिलावहिला स्मार्टफोन, स्क्रीनवर कोळ्याचं जाळं झालेला ताईचा फोन, जोडीतला एकच उरलेला इअरबड आणि कशालाच न बसणारे तीन-चार चार्जर. 'हे टाकायचं का?' असं विचारलं तर आईचं उत्तर ठरलेलं, 'असू दे, लागेल कधीतरी.' ते 'कधीतरी' काही उजाडत नाही. दिवाळीचा सेल मात्र दरवर्षी न चुकता येतो आणि घरात अजून एक खोकं येतं.

आता मी 'मोबाइल खाली ठेवा आणि निसर्गाकडे चला' वगैरे सांगणार नाहीये. ते सांगणारे काका-मामा प्रत्येक फॅमिली ग्रुपवर आहेत, आणि तेही मोबाइलवरूनच सांगतात. आमच्या पिढीतल्या कित्येकांचे वर्ग लॉकडाऊनमध्ये सहा इंचांच्या स्क्रीनवर भरले. लोकलच्या गर्दीत कानात वाजणारं गाणं, रांगेत न उभं राहता मिळणारं तिकीट, परदेशातल्या नातवाला रोज बघणारी आजी, घरच्या घरी बीपी मोजणारे आजोबा. ही सुखं छोटी असतील, पण खोटी नाहीत. म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही गॅजेट दिवसाला किती तास वापरता ते राहू दे. एक गॅजेट किती वर्षं वापरता, ते सांगा.

कारण पर्यावरणाचा हिशेब तिथे फिरतो. पाच हजार एमएएचची बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करायला, वाया जाणारी वीज धरूनही, साधारण २५ वॉट-अवर लागतात. रोज चार्ज केला तरी वर्षाचे झाले नऊ-दहा युनिट. दीड टनाचा एसी एवढी वीज एक-दोन रात्रींत संपवतो. त्यामुळे चार्जरचं बटण आठवणीने बंद करणं ही चांगली सवय आहे, पण त्याने फार काही वाचत नाही. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो आपल्या हातात येण्याआधीच होऊन गेलेला असतो. खाणीत, चिपच्या कारखान्यात, वाहतुकीत. बॅटरीतलं कोबाल्टच घ्या. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमधून येतं आणि तिथल्या काही खाणींमध्ये लहान मुलंही राबतात. एवढी किंमत मोजून तयार झालेली वस्तू आपण दोन वर्षांत बाजूला टाकायची की पाच वर्षं वापरायची, हे मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात आहे.

बाजूला टाकलेल्याचं पुढे काय होतं? संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर' अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे दिल्लीतलं सीलमपूर या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे हातोडी आणि पक्कड घेऊन जुनी यंत्रं फोडली जातात. अशा अनौपचारिक धंद्यात तांब्यासाठी वायरी जाळतात, सर्किट बोर्डातलं सोनं काढायला अ‍ॅसिड वापरतात. हातात मोजे नाहीत, तोंडाला मास्क नाही. हे काम करणारी कित्येक मुलं आपल्याच वयाची असतात. भंगारवाल्याला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. आपण टाकलेलं निदान तो उचलतो तरी. त्याला सुरक्षितपणे काम करता येईल अशी व्यवस्था आपण उभी केली नाही, हे खरं दुखणं आहे.

आणि यात सोनं आहे, हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये. टोकियो ऑलिम्पिकची सुमारे पाच हजार पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या गॅजेट्समधून बनली. त्यात ६२ लाखांच्या आसपास मोबाइल होते. सगळ्यातून मिळून ३२ किलो सोनं निघालं. तुमच्या ड्रॉवरमधल्या फोनमध्ये दागिना होण्याइतकं सोनं नसेल, पण अख्ख्या सोसायटीचे ड्रॉवर एकत्र केले तर?

मग आपण फोन बदलतो का? बरेचदा कारण एकच असतं, 'बॅटरी टिकत नाही यार.' लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दीड-दोन वर्षांत ती थकणारच. टायर झिजला म्हणून कुणी बाइक विकतं का? पूर्वी फोनचं मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता यायची. आता ती आत चिकटवलेली असते. इअरबड्समध्ये तर ती बदलायची सोयच बहुतेक वेळा नसते. नऊशे नव्व्याण्णवला घ्या, दोन वर्षांनी फेका.

माझ्या लॅपटॉपचं चार्जिंग मध्यंतरी बंद पडलं. सर्व्हिस सेंटरने 'मदरबोर्ड बदलावा लागेल' सांगून जो आकडा काढला, त्यात थोडी भर घातली की नवाच आला असता. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातल्या काकांनी भिंगाखाली बघितलं, चार्जिंगचा जॅक बदलला आणि सहाशे रुपये घेतले. दरवेळी असं होत नाही, मान्य. गल्लीतल्या दुकानात डुप्लिकेट पार्ट बसण्याची भीती असते. पण ओरिजिनल पार्ट त्या काकांपर्यंत सहज पोहोचतच नसेल, तर तो दोष काकांचा कसा?

इथे नियम लागतात. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीला किती सोपे आहेत, त्याचे दहापैकी गुण ग्राहकाला दाखवणं सक्तीचं झालं. युरोपियन युनियनने जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी नियम केलाय. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यायला हवेत. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलं. चांगली सुरुवात आहे. पण पोर्टलवर माहिती मिळते, हक्क मिळण्यासाठी कायदाच हवा. पाच-सात वर्षं पार्ट आणि अपडेट मिळण्याची सक्ती आपल्याकडेही का नको?

'एक्स्चेंज ऑफर आहे की' असं काही जण म्हणतील. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्या आज्यांना चांगली ठाऊक होती, ही तिचीच डिजिटल बहीण. तुमचा फोन पुढे दुसरं कुणी वापरणार असेल तर उत्तमच. पण बोहारणीला आजी फाटलेली साडी द्यायची, नेसती नाही.

तोवर आपण काय करू शकतो? बॅटरी थकली तर आधी फक्त बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नका, कारण उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. चालू स्थितीतला जुना फोन डेटा पुसून गरजू विद्यार्थ्याला द्या. बंद पडलेला फोन नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रात द्या. चार्जरवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं बारीकसं चिन्ह असतं. 'मला ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका' असा त्याचा अर्थ. कॉलेजच्या फेस्टमध्ये सेल्फी पॉइंट उभारतोच आपण. त्याच्या शेजारी ई-कचरा गोळा करायचा एक खोका ठेवायला कितीसा खर्च येणार?

आणि खरंच नवा फोन घ्यायची वेळ आली, तर दुकानदाराला कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर विचारा. आधी दोन प्रश्न विचारा. याची बॅटरी बदलायला किती पैसे लागतील आणि अपडेट किती वर्षं येतील? उत्तर मिळालं नाही, तर शेजारच्या दुकानात जा आणि तिथेही हेच विचारा. शंभर जणांनी विचारलं की कंपनीच्या जाहिरातीतही हे उत्तर छापून येईल.