घाटाखालचा समुद्र आणि नाशिककरांचे देणे

सुट्टीचे दिवस जवळ आले की आमच्या जिल्ह्यातील मंडळींस समुद्राची आठवण होते. मोटारी भरतात, फराळाचे डबे बांधले जातात, दोन रात्री किनाऱ्यावर काढून व मुलांस वाळूत खेळवून सर्वजण परत येतात, आणि समुद्र पाहिला असे समाधान मानितात. यंदा एकलहरे येथील आमच्या काही स्नेह्यांनी असाच बेत केला व आम्हांसही आग्रह केला. आम्ही एवढीच अट घातली की, कसारा घाटाने न उतरता त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार ह्या वाटेने डहाणूस जावे आणि परतताना अर्नाळा व सोपारा ही ठिकाणे पाहावीत. अट मान्य झाली. ह्या प्रवासात जे दिसले त्यावरून आमच्या मनात जे विचार आले, ते केवळ प्रवासवर्णनाचे नसल्यामुळे अग्रलेखाच्या जागी देत आहो.

त्र्यंबकच्या डोंगरांतून दोन नद्या निघतात. एक गोदावरी, ती पूर्वेस वळून नाशिकवरून एकलहऱ्याच्या शिवारास लागते व पुढे थेट बंगालच्या उपसागरास मिळते. दुसरी वैतरणा, ती पश्चिमेकडे उतरून अर्नाळ्याजवळ अरबी समुद्रास मिळते. पहिलीच्या काठी आम्ही कुंभमेळा भरवितो. दुसरीचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांस मुंबईस पाणी पुरविणारी नदी एवढ्यापुरतेच ठाऊक असते. परंतु नाशिकचा समुद्राशी असलेला संबंध ह्या दुसरीच्या दिशेने आहे, आणि तो आजकालचा नाही.

ज्यांस हे पटत नसेल त्यांनी पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या पडवीत जाऊन उभे राहावे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या दानधर्माची यादी तेथे कोरविली आहे. तीत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक ह्या चार ठिकाणी वाटसरूंसाठी निवारे बांधल्याचा उल्लेख आहे. गोवर्धन हे आमच्या नाशिकजवळचे, शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. पुढे इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका ह्या नद्यांवर त्याने नावा ठेवून उतारूंस फुकट पार करण्याची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. ह्यांतील डहाणुका ही डहाणूची खाडी होय, असे विद्वान मानितात. त्याच लेण्यात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे ठेविलेल्या ठेवीचाही लेख आहे: दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. व्यापारी वाचकांनी हा दर ताडून पाहावा. ज्या काळी नाशिकचा विणकर ठेवी सांभाळीत होता त्या काळी त्याचे कापड कोणत्या बंदरातून बाहेर जात असावे, ह्याचे उत्तर त्या दानाच्या यादीतील गावांच्या नावांतच मिळते.

पुढे मात्र ह्या देशात एक विचित्र गोष्ट घडली. ज्यांचे पूर्वज गलबतांत माल भरीत होते त्यांच्याच वंशजांस कलिवर्ज्याच्या यादीवर बोट ठेवून समुद्रगमन निषिद्ध म्हणून सांगण्यात आले, आणि विलायतेहून परतलेल्यास प्रायश्चित्त द्यावयाचे की नाही ह्यावर एकोणिसाव्या शतकात आमच्या शहाण्या लोकांनी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने खर्च केले! ती बंदी शास्त्राने घातली म्हणावी, तर आगरी, कोळी, भंडारी व दालदी बांधवांनी ती कधी पाळिली नाही. ती पाळली घाटावरच्या पांढरपेशांनी, आणि तिचा परिणाम असा झाला की समुद्र हा ज्यांचा होता त्यांस विद्या मिळाली नाही, आणि विद्या ज्यांस मिळाली त्यांस समुद्र परका झाला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी इतरांच्या सहकार्याने सिंधिया कंपनी काढून ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे हाकारिले, तेव्हा कोठे घाटावरच्या व्यापाऱ्याने ही कोंडी फोडिली. ह्याच गृहस्थांनी आमच्या जिल्ह्यात रावळगावचा साखर कारखाना काढिला, हे सांगावे लागू नये. पण रावळगाव म्हणताच मुलांस गोळ्या आठवतात, जहाज आठवत नाही.

आता सोपाऱ्याकडे वळू. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तेथील बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखिल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा आत स्तूप, एकात एक ठेविलेले करंडक, सोन्याची फुले आणि आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांस तेथेच सापडला, व नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे मिळाला. सम्राटाने जी आज्ञा दूरदूरच्या प्रजेस कळविली, ती ज्या मोजक्या ठिकाणी दगडावर कोरविली त्यांत हे बंदर होते! आज तेथे खाडी गाळाने भरली आहे, चोहोंकडून इमारतींची गर्दी झाली आहे, आणि आम्ही गेलो त्या दिवशी एवढ्या मोठ्या नालासोपाऱ्यातून आमच्याखेरीज स्तूप पाहावयास आलेला दुसरा मनुष्य आम्हांस दिसला नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानाची बांधिलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप पाण्यावर तरंगत ठेविली आहे व लोक पैसे देऊन पाहावयास जातात. लाकूड आमचे, कारागीर आमचे, जतन करणारे मात्र ते, हे वाचून कोणास राग आला तर तो योग्य ठिकाणी वळवावा.

किल्ल्यांच्या बाबतीत थोडे बरे आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत आमच्या जिल्ह्यातील साल्हेर आहे, तसेच खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे जलदुर्गही आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकिलेली वसई आणि वैतरणेच्या मुखावरील अर्नाळा त्यांत नाहीत. पण म्हणून ते कमी पाहण्याजोगे ठरत नाहीत.

परंतु हा लेख लिहिण्यास जे खरे कारण झाले ते डहाणू तालुक्यातील वाढवण. तेथे मोठे बंदर करण्यास केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये सुमारे शहात्तर हजार कोटी रुपयांची मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. समुद्रात सुमारे साडेचौदाशे हेक्टर भराव घालून त्यावर हे बंदर उभारावयाचे आहे. तेथून इगतपुरी तालुक्यातील भरवीर येथे समृद्धी महामार्गास मिळणारा सुमारे १०४ किलोमीटरचा मालवाहतुकीचा रस्ताही राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मंजूर केला. म्हणजे आम्ही ज्या दिशेने घाट उतरलो त्याच दिशेने उद्या नाशिकची द्राक्षे व कांदा समुद्राकडे जाईल.

ह्यात आमच्या व्यापाऱ्यांचा फायदा आहे, हे आम्ही स्वच्छ कबूल करितो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले व रॉटरडॅमकडे जाणारी द्राक्षे आफ्रिकेस वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा भाडे किती वाढले आणि माल किती दिवस अडकला हे निफाड व दिंडोरीच्या बागाईतदारास विचारावे. जवळ खोल पाण्याचे बंदर असणे ही चैन नव्हे. म्हणून बंदरच नको असे म्हणण्यास आम्ही तयार नाही.

तथापि तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून केंद्र सरकारनेच १९९१ साली जाहीर केला होता. त्याच्या रक्षणासाठी १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली जे प्राधिकरण नेमिले गेले, त्याने १९९८ साली ह्याच वाढवण बंदरास नकार दिला, आणि त्याच प्राधिकरणाने, अध्यक्ष बदलल्यावर, २०२३ साली अनुमती दिली. पंचवीस वर्षांत समुद्र बदलला की निकष बदलले, हा प्रश्न तेथील मच्छीमार विचारीत आहेत आणि तो अप्रस्तुत नाही. जव्हार-मोखाड्याच्या वाटेवर साग, ऐन, मोह आणि खैर ह्यांचे जे जंगल उरले आहे ते वारली, कोकणा, ठाकूर व कातकरी ह्यांचे घर आहे. ह्याच मुलखात गोदावरी परुळेकरांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांस उभे केले आणि तलवाड्यास त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्यांनी एवढे देऊन आपले मनुष्यपण सोडविले, त्यांच्या दारातून आमच्या मालाचा रस्ता जावयाचा आहे.

येथे कायद्याचा एक मुद्दा आहे व तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ ह्या संज्ञेत मच्छीमार व नावाडी ह्यांचा उल्लेख केला आहे. परंतु त्यास शर्त अशी की त्यांची उपजीविका ‘जमिनीच्या संपादनामुळे’ बाधित झालेली असावी. आता भराव समुद्रात पडावयाचा. समुद्राचा तळ कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. तेव्हा कोणाची जमीन घेतलीच नाही तर बाधित कोण, असा युक्तिवाद उद्या कोणीही हुशार वकील करू शकेल. आम्हीही त्याच धंद्यातील असल्यामुळे तो किती सहज करिता येतो हे जाणतो. भरपाई देऊ अशी आश्वासने आहेत; पण आश्वासन ही कृपा आहे आणि कलम हा हक्क आहे. ज्या कोळ्याच्या आजोबाने त्याच पाण्यात डोल लाविली, त्यास कागदावर काही दाखविता येत नाही म्हणून त्याचे काही गेलेच नाही, असे ठरणे हा शुद्ध अन्याय होईल.

एकलहऱ्याच्या रहिवाशास हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गावाच्या उशाशी धुराडी उभी राहिली, वीज साऱ्या महाराष्ट्रात गेली आणि राख गावात उरली, हा अनुभव त्याने घेतला आहे. आमच्याबरोबर आलेल्या त्या गावच्या एका वृद्ध गृहस्थांनी डहाणूच्या औष्णिक केंद्राचे धुराडे लांबून पाहताच, “इथे धुरातला गंधक धुऊन काढायला ह्यांना भाग पाडले म्हणतात, आमच्याकडे कोणी पाडले?” असा प्रश्न केला. त्यावर आमच्यापैकी कोणासही उत्तर देता आले नाही. डहाणूस ते घडले ते प्राधिकरण जागे राहिल्यामुळे व चिकूच्या बागाईतदारांनी पिच्छा पुरविल्यामुळे घडले.

तेव्हा आमची मागणी अशी. नाशिकच्या व्यापारी मंडळांनी नव्या रस्त्याचे स्वागत करणारे ठराव अवश्य करावेत. परंतु त्याच ठरावात, समुद्रातील भरावामुळे ज्यांची मासेमारी जाईल त्यांस कायद्याने बाधित मानण्यात यावे, आणि रस्ता ज्या गावांच्या रानांतून जाईल तेथील ग्रामसभांची संमती २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आधी घेतली जावी, ही दोन वाक्ये घालावीत. बंदराचा फायदा घेणाराच ही मागणी करील तर सरकारास ती विरोधकांची ओरड म्हणून बाजूस सारता येणार नाही. शाळांच्या चालकांनी सहली किनाऱ्यावरील रिसॉर्टात नेण्यापूर्वी मुलांस एक दिवस दहाव्या लेण्यापुढे बसवून नद्यांची ती नावे वाचून दाखवावीत आणि मग त्यांस सोपाऱ्यास न्यावे. ठरावाचा मसुदा ज्या मंडळास पाहिजे असेल त्यांनी आमच्या कचेरीत यावे. तो आम्ही विनामूल्य लिहून देऊ.