मोटारीला झालेला उष्म्याचा भ्रम

गेल्या मे महिन्यांत एका लग्नानिमित्त आम्ही जळगांवहून धुळ्यास निघालों. मोटार पुतण्याची, चालविणाराही तोच. मागें मी, सौ. आणि ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या वडील भगिनी अक्का. एरंडोल मागें पडलें, पारोळ्यास चहाकरितां वीस मिनिटें थांबलों. पुन्हां महामार्गावर वळतांना पुतण्यानें जोर मागितला, तों गाडीनें एक आचका दिला आणि ती ऐन रस्त्यांत मंदावली. मागच्या ट्रकवाल्यानें वेळींच ब्रेक दाबला, म्हणून हें सदर लिहावयास मी उरलों आहें. अक्कांनीं ‘राम राम’ म्हणून जे डोळे मिटले, ते धुळें येईपर्यंत उघडले नाहींत.

धुळ्याच्या मिस्त्रीनें बॉनेट उघडतांच विचारलें, “ही गाळणी कोणीं बसविली?” पुतण्यानें मान खालीं घातली. गाडीचा जोर वाढावा म्हणून त्यानें हवेच्या गाळणीची मूळ बंद पेटी काढून तिच्या जागीं एक चकचकीत उघडी गाळणी बसवून घेतली होती. आंत येणाऱ्या हवेचें उष्णमान मोजणारा सेन्सर पूर्वीं त्या पेटीच्या नळींत असे. नव्या गाळणीस तशी जागाच नव्हती. म्हणून बसविणाऱ्यानें तो इंजिनाशेजारच्या एका लोखंडी पट्टीस बांधून टाकला होता!

एवढ्याशा उपकरणाचें इतकें महत्त्व कां, तें सांगतों. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें 14.7 भाग हवा लागते. इंजिन हवा ओढतें तें आकारमानानें. जळण्याचा हिशेब मात्र वजनाचा. तापलेली हवा विरळ असते. 27 अंशांच्या हवेच्या मानानें 45 अंशांची हवा तेवढ्याच जागेंत शेंकडा सुमारें सहानें कमी भरते. म्हणून भर उन्हाळ्यांत खानदेशांत निर्दोष मोटारही किंचित् मंद वाटते; त्यास इलाज नाहीं. पुष्कळ लहान मोटारींत संगणक हवेचा दाब आणि उष्णमान यांवरून तिचें वजन काढतो, त्या मानानें पेट्रोल सोडतो, आणि ठिणगी केव्हां पाडावयाची हेंही कांहीं अंशीं त्यावरूनच ठरवितो.

सेन्सरच्या पोटांत एक बारीक मणी असतो. तो तापला कीं विजेस होणारा त्याचा विरोध घटतो. पण त्या मण्यास कळतें तें केवळ स्वतःच्या अंगाचें उष्णमान! मिस्त्रीनें इंजिन चालू ठेवून आम्हांस प्रत्यक्ष दाखविलें. गाळणीमागच्या नळींतील हवा 46 अंश, आणि सेन्सर सांगतो 70. संगणकाची समजूत अशी कीं हवा शेंकडा सातांनीं कमी येत आहे. त्यानें पेट्रोल आंखडलें आणि ठिणगीही लांबविली. पारोळ्यास गाडी उभी राहतांच वाऱ्याचा झोत थांबला, बॉनेटखालीं धग कोंडली, आणि ती पट्टी तव्यासारखी भाजून निघाली. एका गतीनें चालतांना धुराच्या नळींतील दुसरा सेन्सर प्राणवायूचें प्रमाण पाहून ही चूक सावरून घेतो. एकदम जोर मागितला कीं त्यास तेवढा अवसर मिळत नाहीं.

मला न्यायशास्त्रांतील जुनें उदाहरण आठवलें. कावीळ झालेल्यास शंख पिवळा दिसतो. दोष शंखाचा नव्हे, नेत्राचा. येथें संगणकाचें गणित बिनचूक होतें. वेधशाळेंतही उष्णतामापक पत्र्याच्या छपरावर टांगीत नाहींत. झडपांच्या पांढऱ्या पेटींत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलींत आणि खेळत्या हवेंत ठेवतात.

पुतण्या मोठा चिकित्सक. म्हणाला, “काका, मग तो पुढें जाळीपाशीं, अगदीं थंड जागीं बांधला तर?” मीं मिस्त्रीकडे पाहिलें. तो हंसून म्हणाला, “तें तर याहून वाईट.” इंजिनांत जाणारी हवा ऊन आणि सेन्सर सांगणार थंड, म्हणजे पेट्रोल अधिक जाणार, ठिणगी वेळेआधीं पडणार, आणि चढावर भरल्या गाडीचें इंजिन ठोके देऊं लागणार. असे ठोके पिस्टनचा घात करतात. सेन्सरच्या तारेंत एक स्वस्त तुकडा जोडून मोटारीस हवा थंड असल्याचें खोटेंच सांगण्याची युक्तिही बाजारांत विकली जाते; खानदेशच्या उन्हांत ती करणाऱ्याच्या धाडसाची मला कींव येते. कोणी कारखानदार सेन्सर गाळणीमागच्या नळींत बसवितो, कोणी इंजिनाच्या अगदीं तोंडाशीं, जेथें हवा थोडी तापूनच पोंचते. टर्बोच्या गाड्यांत दाबानें हवा तापते, म्हणून ती निवविणाऱ्या जाळीच्या पुढेंही तो असतो. संगणकांतील कोष्टकें त्या त्या जागेस अनुसरूनच बनविलेलीं असतात. जागा बदलली कीं कोष्टक खोटें.

मूळ पेटी सुदैवानें डिकींतच पडली होती. मिस्त्रीनें ती बसवून सेन्सर नळींत परत घातला. अर्ध्या तासाचें काम. परततांना पारोळ्यास मुद्दाम पुन्हां वीस मिनिटें थांबलों. गाडी निमूटपणें रस्त्यास लागली. अक्कांनीं मात्र चहा नाकारला, आणि जळगांव येईपर्यंत त्या डोळे मिटूनच बसल्या होत्या.