खोक्यातले विमान उडत का नाही?

आखातातून सुट्टीला येणारे मामू-चाचू मुलांसाठी काय आणतात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. खजूर, चॉकलेट, आणि मुलगा जरा मोठा असेल तर मोबाइल. आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलाला मात्र मामूंनी दुबईहून विमानाचे किट आणून दिले. बाल्सा लाकडाच्या छापील फळ्या, टिश्यू कागद, प्लॅस्टिकचा प्रोपेलर आणि पीळ देऊन विमान चालवायचा रबराचा पट्टा. विमान होते टायगर मॉथ, म्हणजे वर एक आणि खाली एक अशा दुहेरी पंखांचे. आपल्या हवाई दलाचे आणि फ्लाइंग क्लबांचे कित्येक वैमानिक एके काळी खऱ्या टायगर मॉथवरच उडायला शिकले.

मुलाने दिवाळीच्या सुट्टीत नकाशाबरहुकूम ते बांधले. गच्चीवरून सोडले, तर नाक वर करून क्षणभर थबकले आणि दगडासारखे खाली आले. घरात निकाल लागला की याच्या हातात हुनर नाही. अब्बूंनी पुढे सांगितले की आता हे पुरे, गणिताकडे बघ. मुलाने ते शाळेत मला दाखवायला आणले तेव्हा तोही हेच मानून बसला होता.

मी विमान नीट पाहिले. सांधे स्वच्छ होते, कागद ताणलेला होता, पंख सरळ होते. मुलाचे काहीच चुकले नव्हते. नवशिक्याच्या हातात मोडू नये आणि कपाटावर छान दिसावे, या हिशेबाने बरीच किट बनवलेली असतात. उडणे त्यात तिसऱ्या नंबरावर येते. ज्याला ते उडवायचे आहे त्याला नकाशा बदलावाच लागतो. हे मुलाला पटवणे सर्वात कठीण गेले. “मॅडम, नकाशात तर असंच आहे,” हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकले असेल! आपणच मुलांना छापील ओळीबाहेर जायचे नाही असे शिकवतो, मग त्यांनी दुसरे काय म्हणावे?

पहिली गोष्ट वजनाची. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर रबर वगळून विमान ४४ ग्रॅम भरले. पंखाची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ४५ सेंटिमीटर. इतक्या लहान विमानाला हे जड आहे. बाल्सा म्हणजे हलके लाकूड असे आपण म्हणतो, पण त्यातही फार फरक असतो. एक घनमीटर बाल्सा १०० किलोचाही असतो आणि २५० किलोचाही. किटमध्ये बहुधा जडच येतो. शिवाय प्लॅस्टिकची चाके आणि वर दिलेला रंग. रंग तर मुळीच देऊ नये, रंगीत टिश्यू वापरावा.

वजन कुठे आहे याला त्याहून जास्त महत्त्व आहे. शेपूट पंखांपासून लांब असते आणि नाक जवळ. म्हणून शेपटीतल्या एका ग्रॅमला तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम माती भरावी लागते. कात्री आधी शेपटीलाच लावायची. मामूंनी आणलेली वस्तू कापायची म्हटल्यावर मुलाचा चेहरा उतरला. पण त्याने शेपूट कापली, हलक्या बाल्साच्या बारीक कांड्यांची नवी केली, आणि आडवा भाग नकाशापेक्षा थोडा मोठा ठेवला. चाकेही बाल्साच्या चकत्यांची केली. विमान ३४ ग्रॅमवर आले.

शेपटीवरून आठवले. नवव्या शतकात कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनास यांनी पिसांचे पंख लावून उड्डाण केले, असे अल-मक्करी या इतिहासकाराने नंतर कित्येक शतकांनी लिहून ठेवले आहे. ते काही अंतर तरंगले, पण उतरताना पाठीला मार बसला. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतात आणि यांनी शेपूटच लावली नव्हती, असे कारण तिथे दिले आहे. मुलांना हा किस्सा फार आवडतो.

आता तोल. एकेरी पंखाच्या विमानात तोलाची जागा शोधणे सोपे, दुहेरीत लोक गोंधळतात. टायगर मॉथचा वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे असतो आणि दोन्ही मागे झुकलेले असतात. म्हणून एका बाजूच्या पंखाच्या अर्ध्या लांबीवर जावे, तिथे दोन्ही पंखांच्या पुढच्या कडांच्या मधोमध खूण करावी, आणि त्या खुणेपासून पंखाच्या रुंदीचा चौथा हिस्सा किंवा किंचित जास्त मागे यावे. त्या रेषेवर दोन बोटांनी उचलल्यावर विमान आडवे राहिले पाहिजे. आमचे मागे कलत होते. नाकात थोडी खेळण्याची माती गेली. टायगर मॉथचे नाक लांब असल्याने थोडक्यात भागले. पहिल्या महायुद्धातल्या आखूड नाकाच्या विमानांना बरीच माती लागते, म्हणून पहिल्या प्रयत्नाला ती घेऊ नयेत.

पंखांचा कोनही तपासावा. शेपटीच्या मानाने पंखाची पुढची कड दोन-तीन अंश वर हवी. साठ मिलिमीटर रुंदीच्या पंखाला हे दोन-तीन मिलिमीटर होतात. आमच्या किटमध्ये पंख आणि शेपूट अगदी समांतर होते. नवी शेपूट चिकटवताना हा फरक ठेवून घेतला.

मग रबर. किटमधला पट्टा हुकापासून हुकापर्यंतच पुरतो आणि दहा सेकंदांत संपतो. दुहेरी पंखांना हवेचा विरोध जास्त, जोर संपला की विमान लांब तरंगत नाही, लगेच खाली येते. म्हणून रबर लांब हवे, त्या अंतराच्या दीडपट तरी. मग ते आत लोंबकळते आणि तोल बिघडवते. यावर उपाय मुलाच्या दादीजाननी सांगितला. सुंभ वळताना जसा आधी पीळ देऊन मग दुमडतात तसे करा, म्हणाल्या. जगभरचे हौशी लोक हेच करतात. प्रोपेलरही पंधराऐवजी अठरा सेंटिमीटरचा लावला. रबराला ग्लिसरीन आणि मऊ साबणाचे मिश्रण चोळावे. मशीनचे तेल किंवा ग्रीस कधीच नको, रबर कुजते.

पीळ बोटाने देऊ नये. एकाने विमान धरावे, दुसऱ्याने रबर पुढून काढून चौपट ताणावे, हाताच्या ड्रिलने पीळ देत देत हळूहळू जवळ यावे. तसाच एक जादा पट्टा तुटेपर्यंत पिळून वेढे मोजावेत. विमानात त्याच्या पाऊण हिश्श्यापलीकडे जाऊ नये.

उडवण्याआधी पिळाशिवाय नुसते सोडून पाहावे. भात कापलेले शेत उत्तम. खांद्याच्या उंचीवरून, समोर जमिनीवरच्या एखाद्या जागेकडे रोखून हलकेच ढकलावे. नाक वर करून थबकले तर नाकात कणभर माती घालावी, थेट खाली घुसले तर काढावी. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो वहीत लिहावा.

हे जमले की थोडा पीळ द्यावा. इथे बहुतेकजण फसतात. पिळाच्या जोरावर विमान नाक वर करून थबकू लागले की ते पुन्हा माती भरतात, आणि मग तरंगणे बिघडते. जोराचा दोष जोराच्या दिशेने काढायचा. नाकाच्या ठोकळ्यामागे वरच्या बाजूला मिलिमीटरभर जाड चीप घातली की प्रोपेलरचा दांडा खाली झुकतो. प्रोपेलर एका दिशेने फिरतो म्हणून विमान उलट्या दिशेला, बहुधा डावीकडे, कलंडते. त्यासाठी तशीच चीप डाव्या बाजूला घातली की दांडा उजवीकडे वळतो. आमची तीन सकाळी याच चिपांमध्ये गेली. चौथ्या सकाळी विमान मोठा वळसा घेत बावीस सेकंद हवेत राहिले. मुलाचे अब्बू बांधावर उभे होते. काही बोलले नाहीत, पण विमान आणायला शेतातून धावत गेले ते तेच.

ज्या पालकांना हे अजून पोरखेळ वाटते त्यांच्यासाठी एवढेच. १८७१ मध्ये पॅरिसच्या एका बागेत आल्फोन्स पेनो यांनी असेच रबराचे छोटे विमान ११ सेकंद उडवून दाखवले. त्यांच्या रचनेवरून बनवलेले एक उडते खेळणे १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी घरी आणले, तेव्हा मोठा मुलगा अकरा वर्षांचा होता आणि धाकटा सातचा.

वेळ फजरनंतरची घ्यावी. किनाऱ्याकडे ऊन चढले की समुद्रावरून वारा सुटतो आणि इतके हलके विमान त्यात आवरत नाही. पावसाळ्यात टिश्यू सैल पडतो, पंखाला पीळ बसतो, म्हणून ते चार महिने विमान कोरड्या खोलीत टांगून ठेवावे आणि रबर काढून झाकणाच्या डब्यात, अंधारात.