विजेची परतीची वाट

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मध्ये उमरोळी हे छोटेसे स्थानक आहे. विरारपुढे डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ साली धावू लागली आणि येथील रहिवाशांचा मुंबईशी असलेला रोजचा संबंध अधिक जवळचा झाला. या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या चौकस मुलाला सहज प्रश्न पडावा : घरातल्या दिव्याला वीज देण्यासाठी दोन तारा लागतात, मग एवढ्या मोठ्या गाडीच्या डोक्यावर एकच तार कशी? वर झोळ असलेली आणि तिच्याखाली टांगलेली अशा दोन तारा दिसतात खऱ्या. पण त्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने विजेच्या दृष्टीने ती एकच तार होय.

या प्रश्नाच्या उत्तरात विद्युतशास्त्राचा पहिला धडा सामावलेला आहे. वीज जेथून निघते तेथे परत पोहोचण्याची अखंड वाट असेल तरच ती वाहते. या बंद वाटेला परिपथ म्हणतात. बटण बंद केले की ही वाट तुटते आणि दिवा विझतो. गाडीच्या बाबतीत वीज उपकेंद्रातून वरच्या तारेत येते, गाडीच्या टपावरील पेंटोग्राफमधून आत उतरते, आतील यंत्रणेला शक्ती पुरवते आणि चाकांवाटे रुळांत जाते. तेथून रूळ आणि जमीन यांच्या मार्गाने ती उपकेंद्राकडे परतते. दुसरी तार आहे. ती प्रवाशांच्या पायांखाली आहे, एवढेच.

परिपथ समजण्यासाठी तीन शब्द पुरेसे आहेत. विजेला पुढे ढकलणारा दाब व्होल्टमध्ये, प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह ॲम्पिअरमध्ये आणि वाटेतील अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये मोजतात. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की साध्या उपकरणाची शक्ती वॅटमध्ये कळते. घरातील दाब २३० व्होल्टचा. म्हणून २,००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ ॲम्पिअर प्रवाह घेतो.

रेल्वेच्या तारेत तब्बल २५,००० व्होल्टचा दाब असतो, त्यालाही हेच गणित कारण आहे. २५ लाख वॅट शक्ती या दाबाने पुरवायची तर ढोबळमानाने १०० ॲम्पिअर प्रवाह पुरतो. मुंबईच्या उपनगरी मार्गावर पूर्वी १,५०० व्होल्टचा दाब वापरीत. त्या दाबाने तीच शक्ती पुरवायला सुमारे १,६६७ ॲम्पिअर लागतील. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तारेचा रोध तोच असेल तर हा अपव्यय अडीचशेपटीहून अधिक होईल. उच्च दाबाचा फायदा असा मोठा आहे. धोकाही तितकाच मोठा. २५,००० व्होल्टची वीज हवेतूनही झेप घेऊ शकते. म्हणूनच या तारेपासून दोन मीटर दूर राहण्याचा इशारा रेल्वे देते. डब्याच्या टपावर चढणाऱ्याने तारेला हात लावण्याचीही आवश्यकता नसते.

मग उघड्या तारेवर पाखरे निर्धास्त कशी बसतात? पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे जवळजवळ एकाच दाबावर असतात. त्याच्या शरीरातून पलीकडे जाण्याची वाट विजेला मिळत नाही. माणसाचे पाय मात्र जमिनीवर असतात, आणि घरच्या विजेची तटस्थ तार, म्हणजे न्यूट्रल, पुरवठ्याच्या ठिकाणी जमिनीशी जोडलेली असते. फेजच्या तारेला स्पर्श झाला की माणूस स्वतःच परतीची वाट होतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पुष्कळ घरांत एमसीबी बसवलेला असतो आणि त्यामुळे घर निर्धोक झाले असे मानले जाते. वस्तुतः एमसीबी तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. ओल्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला त्यातून ०.२३ ॲम्पिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडवण्यास याच्या निम्मा प्रवाहही पुरेसा ठरतो. १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला मात्र एवढ्या क्षुल्लक प्रवाहाची दखलही घेता येत नाही.

हे काम आरसीसीबी नावाचे उपकरण करते. फेजमधून किती प्रवाह गेला आणि न्यूट्रलमधून किती परतला, यांची ते सतत तुलना करते. घरगुती वापराच्या उपकरणात ३० मिलिॲम्पिअर, म्हणजे ०.०३ ॲम्पिअर एवढी तफावत आढळली की पुरवठा क्षणार्धात तुटतो. रेल्वेत जमिनीतून परतणारा प्रवाह योजलेला असतो. घरात तो आढळला तर कोठेतरी दोष आहे किंवा कोणीतरी संकटात आहे. मात्र फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला तर हे उपकरणही फसते, कारण गेलेला प्रवाह पूर्ण परत आलेला दिसतो.

अर्थिंगचे महत्त्वही यातच आहे. फ्रीज किंवा गिझरच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली, तर अर्थिंगची तार त्या विजेला माणसाऐवजी दुसरी सोपी वाट देते, आणि पुरवठा तुटून दोष उघडकीस येतो. अर्थिंग नसेल तर पत्रा दाबाखाली राहतो आणि पहिल्या स्पर्शाची वाट पाहतो. पालघर-तारापूरसारख्या किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्या लवकर गंजतात, आणि चातुर्मासात भिंती व फरशा ओल्या असतात.

यासाठी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. मीटरपुढील फलकावर आरसीसीबी आहे की नाही ते पाहावे, आणि असल्यास त्यावरील ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबावे, वीज गेली नाही तर ते उपकरण बदलावे. गिझर, मोटर आणि इस्त्री यांच्या तीन पिनांपैकी मोठी पिन कधीही कापू नये. विजेची तिसरी, सुरक्षित वाट तीच आहे.