पॉझिट्रॉन मालवणात शिकवावा का?



"आमच्या पोरांना पॉझिट्रॉन कशाला? बोर्डात किती मार्कांना आहे?" असं तुम्ही विचाराल. माझं म्हणणं असं, की मालवणातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना हा विषय जरूर द्यावा, पण पाठांतरासाठी नव्हे, प्रयोग आखण्यासाठी.

पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ. वस्तुमान तेवढंच, पण विद्युतभार धन. कार्ल अँडरसन यांना तो १९३२ साली सापडला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात, याचं गणित मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी मांडलं. त्याला आजही 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात.

तो तयार कसा करतात? जर्मनीत हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत वेगवान इलेक्ट्रॉनांच्या वाटेत कार्बनचा बारीक तंतू धरतात. त्यातून गॅमा किरण निघतात. ते धातूच्या पत्र्यावर पडले, की त्यांच्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. पुढे चुंबक असतो. त्यात दोघे विरुद्ध बाजूंना वळतात, म्हणून वेगळे ओळखता येतात. कण गेला की चमकणारं खास प्लास्टिक त्यांची मोजणी करतं. रात्री वल्हं मारल्यावर कधी कधी पाणी चमकतं ना, तशी ती चमक, पण क्षणार्धाची.

आता मुलांना विचारा: पत्रा किती जाड घ्यावा? पातळ घेतला तर जोड्या कमी. फार जाड घेतला तर पॉझिट्रॉन पत्र्यातच ऊर्जा गमावणार. आणि चुंबकाची दिशा उलटवली तर काय दिसेल? ह्याला यंत्र लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

ही नुसती कल्पना नाही. सर्न ही युरोपातली संस्था २०१४ पासून शाळकरी मुलांकडून असे प्रस्ताव मागवते. निवडलेल्या संघांना खऱ्या कणझोतावर प्रयोग करायला मिळतो. काही वर्षं हे प्रयोग डेझीतच झाले. २०१८ साली मुंबईच्या आर. एन. पोदार शाळेचा संघ दोन विजेत्यांपैकी एक होता. प्रवेश फी नाही. अटी दरवर्षी बघून घ्याव्यात.

आपल्याकडे प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच ठाऊक असतं आणि जर्नल बघून उतरवलं जातं. त्यात मुलं सगळं शिकतात, फक्त प्रश्न विचारायला शिकत नाहीत. निवड होवो न होवो, हजारेक शब्दांत स्वतःचा प्रयोग मांडलेलं पोर पुढे कुठेही बुजणार नाही. पाच मुलं जमवा आणि पत्र्याच्या जाडीपासून सुरुवात करा.