हवा लागली की झोपणारं यंत्र

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे पुण्याहून रेडिमेड किट आणायचं, रिपोर्ट बाइंड करायचा आणि व्हायवात घाम पुसायचा, ही आपली परंपरा! माझं म्हणणं, यंदा एक जिवंत विषय घ्या.

काही जीवाणूंकडे हायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन जोडून ते हायड्रोजन बनवतं, उलटही करतं. केंब्रिजच्या स्टीफन्सन आणि स्टिकलंड यांनी १९३१ साली त्याला हे नाव दिलं. महागड्या प्लॅटिनमचं काम इथे लोखंड आणि निकेल करतात!

पण गडी नाजूक. निकेल-लोखंडवाला प्रकार ऑक्सिजन लागला की बहुधा झोपतो; हायड्रोजन दिला की जागा होतो, कधी सेकंदांत, कधी तासांनी. नुसत्या लोखंडाचा प्रकार हायड्रोजन जोमानं बनवतो, पण ऑक्सिजननं बहुतेकदा कायमचा मोडतो.

"हे तर बायोवाल्यांचं काम!" अजिबात नाही. टाकी हवाबंद ठेवणं, पीएच सांभाळणं, साचलेला वायू सुरक्षितपणे काढत राहणं (साचला की उत्पादन मंदावतं) हे मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनचंच काम. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं आणि केपीआयटीनं २०२१ साली शेतातल्या काडीकचऱ्यापासून थेट हायड्रोजन काढण्याचं तंत्र जाहीर केलं. काडीकचरा तर आपल्याकडे ढीगभर! लातूरकडचं सोयाबीनचं भुसकट, नांदेडकडची पऱ्हाटी. मग डोकं फक्त पुण्याचंच का चालावं?

सर, मॅडम, तुम्हालाही विनंती: मार्क चकचकीत मॉडेलला नको, फसलेल्या पण स्वतः केलेल्या प्रयोगाला द्या. आणि लॅब संध्याकाळी उघडी ठेवा. हॉस्टेलची पोरं येतील.