माशाविना सहा आठवडे

खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडली की पहिल्याच आठवड्यात तिच्यात एखादा स्वस्त डॅमसेल मासा सोडावा. तो जगला तर पाणी तयार झाले असे समजावे, मेला तर दुसरा आणावा, हा सल्ला आपल्याकडच्या दुकानांत आजही सर्रास ऐकू येतो. 'टाकी सायकल करणे' असे भारदस्त नावही त्याला मिळाले आहे. माझ्या मते हा सल्ला क्रूर तर आहेच, पण त्याहून अधिक तो अडाणी आहे. विज्ञान शिकणाऱ्यांनीही तो निमूटपणे पाळावा, याचे मला विशेष वैषम्य वाटते.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेले अन्न कुजल्याने पाण्यात अमोनिया येतो. सूक्ष्मजीवांचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. तीन शब्द, दोन बाण. शाळेत नायट्रोजन चक्राचे हे चित्र आपण सर्वांनी गिरवले आहे. त्या बाणांवर काळ मात्र कोणीच लिहीत नाही. ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसाहूनही अधिक वेळ लागतो. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून त्यांना मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, आणि तेवढ्याच मिळकतीवर कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचा देह घडवायचा. कोऱ्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात ते या कारणाने. ही कोणा दुकानदाराची सवड नव्हे, सूक्ष्मजीवांचे गणित आहे.

हे गणित सुटलेले आहे असा आव आणण्याचेही कारण नाही. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे केले, आणि पुढे शतकभर 'नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर' ही जोडी पाठ करण्यात गेली. १९९८ साली गोड्या पाण्याच्या मत्स्यटाक्यांत नायट्राइट संपवणारा मुख्य जिवाणू नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा असल्याचे दिसून आले. २००५ साली तर सिॲटलच्या मत्स्यालयातील एका उष्णकटिबंधीय सागरी टाकीच्या खडीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो जिवाणूच नव्हता. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा तो आर्किया होता. २०१५ साली दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारे नायट्रोस्पायरा सापडले. टाकीच्या तळाची खडी 'घाण' म्हणून खसखसून धुणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

आता रसायनाकडे येऊ. गोड्या पाण्याचा अनुभव खाऱ्या पाण्याला लावणारे येथे हमखास फसतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: अमोनियम आयन, जो तुलनेने निरुपद्रवी, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. सामू ७ असताना मुक्त अमोनियाचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली असते. समुद्राच्या ८.२ सामूला आणि आपल्याकडच्या उबदार पाण्यात ते पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान जाते. म्हणजे चाचणीत आकडा तोच दिसला, तरी समुद्री माशावरचा मारा दसपटीने अधिक असतो. उलट नायट्राइट खाऱ्या पाण्यात त्या मानाने कमी घातक ठरते, कारण विपुल क्लोराइड कल्ल्यांतून त्याला आत शिरू देत नाही. तेव्हा 'डॅमसेल चिवट असतो' याचा अर्थ त्याला काही होत नाही असा नसून, त्याचे कल्ले भाजत असताना तो मरायला वेळ लावतो एवढाच आहे. आणि तो वाचलाच, तर पुढे टाकीचा कोपरा आपलाच समजून नव्याने येणाऱ्या प्रत्येक माशाला छळतो. मग त्याला काढून टाकायचे!

पण खरा प्रश्न काचेबाहेरचा आहे. घाई करणाऱ्यांचा आणखी एक लाडका उपाय म्हणजे 'लाइव्ह रॉक', अर्थात प्रवाळभित्तीवरून उचललेला, सूक्ष्मजीवांनी भरलेला दगड. तो ठेवला की काम आठवड्याभरात होते, हे खरे आहे. ते का होते? कारण ज्या कामाला काळ लागायला हवा, ते भित्तीने आधीच करून ठेवलेले असते. आपण फक्त उचलून आणतो. भारतात अशा दगडाकडे पाहण्याची दृष्टी कायद्यानेच घालून दिली आहे. २००१ साली कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मन्नारच्या आखातात एके काळी चुन्यासाठी प्रवाळ खणले जात, तेव्हा लोक निदान घरे बांधत होते. मन्नार, कच्छ, लक्षद्वीप, अंदमान आणि आपल्या मालवणच्या थोडक्या प्रवाळांनी आता दिवाणखान्यातल्या उतावळेपणाची किंमत मोजावी काय? कोरडा किंवा कृत्रिम दगड वापरला की सहा आठवडे थांबावे लागते. ते थांबणे हाच भित्तीवरून काही न उचलण्याचा मोबदला आहे.

बाटलीतील जिवाणूंना माझा सरसकट विरोध नाही. योग्य जातीचे आणि जिवंत असतील, तर ते काळ खरोखर कमी करतात. मात्र बाटली कोणत्या उन्हात किती दिवस पडून होती हे लेबल सांगत नाही, चाचणी सांगते.

आणि चाचणीला मासा लागत नाही. क्षारनिर्मित समुद्री पाणी, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, कोरडा दगड, पाणी खेळवणारा पंप, दिवा बंद. त्यात अमोनियम क्लोराइड इतके घालावे की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम भरेल. पाचच्या वर गेल्यास जिवाणूच गुदमरतात. अमोनिया उतरतो, नायट्राइट चढते, मग तेही उतरते. नायट्राइट चढलेले असताना नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नये. ते संच नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मोजतात, त्यामुळे आकडा फुगतो. घातलेले २ मिलिग्रॅम चोवीस तासांत नाहीसे होऊन नायट्राइटही शून्यावर आले, की चक्र बसले. मग बरेचसे पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे आणि एकच मासा आणावा; तोही पैदास केलेला. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या काही जातींची बंदिस्त पैदास करून दाखवली आहे, तेव्हा 'मिळतच नाही' ही सबब आता चालणार नाही. प्रवाळांचा विचार त्यानंतर कित्येक महिन्यांनी, आणि कागदपत्रे पाहिल्यावाचून मुळीच नाही.

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना तर मासाही नको. दोन टाक्या मांडा: एकीत सच्छिद्र दगड, दुसरीत नुसते पाणी. दोन्हींत सारखाच अमोनिया. रोज सकाळी तीन वाचने, भिंतीवर आलेखाचा कागद, आणि दर आठवड्याला वेगळ्या विद्यार्थ्याच्या हाती पेन. पहिले काही दिवस रेषा जवळजवळ आडवी राहील आणि कोणीतरी म्हणेल की प्रयोग बिघडला. त्याला कागद उतरवू देऊ नका.